कॉफी, जपानी गोळी आणि अण्णांची दुपार: पार्किन्सनमधील डोपामिन व अ‍ॅडेनोसिन

प्रश्न: आम्ही वडोदऱ्यात दांडिया बाजारात राहतो. माझे सासरे, अण्णा, ६९ वर्षांचे असून पाच वर्षांपासून त्यांना पार्किन्सन आहे. लेव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी पाच आणि रात्री नऊ अशी चार वेळा चालू आहे. तरीही दुपारी तीन-साडेतीनला गोळीचा असर उतरलेला असतो आणि पाचची गोळी चढेपर्यंत त्यांना खुर्चीतून उठता येत नाही. माझ्या दिरांनी कुठेतरी वाचले, की कॉफी पिणाऱ्यांना हा आजार होत नाही, म्हणून महिनाभर अण्णांना दिवसातून सहा कप कॉफी दिली जात आहे. मेंदूतील अ‍ॅडेनोसिन अडवणारी एक जपानी गोळी आहे, ती परदेशातून मागवावी असेही घरात चालले आहे. अ‍ॅडेनोसिन म्हणजे काय, कॉफीचा उपयोग होईल का, आणि ती गोळी मागवावी का? सोबत अण्णांच्या सर्व औषधांची यादी आणि त्यांची लक्षणे, जेवणाच्या वेळा व पदार्थ यांची नोंद जोडली आहे.

उत्तर:

तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत, पण त्यांचे मूळ एकच आहे. मेंदूच्या एका विशिष्ट भागात डोपामिन आणि अ‍ॅडेनोसिन ही दोन रसायने एकाच पेशीवर, एकाच वेळी, परस्परविरुद्ध परिणाम करीत असतात. हे एकदा नीट ध्यानात आले, की कॉफीविषयीचे संशोधन, ती जपानी गोळी आणि अण्णांची दुपारची अडचण या तिन्हींचा उलगडा होतो. मी वडोदऱ्यातच गेली सव्वीस वर्षे मेंदूविकारांच्या रुग्णांना तपासते, आणि तुम्ही जोडलेल्या यादीत एक औषध असे आहे, की त्याविषयी मला कॉफीपेक्षाही जास्त काळजीने लिहावे लागणार आहे. परंतु ते का, हे समजण्यासाठी आधी डोपामिनपासून सुरुवात केली पाहिजे.

मध्यमेंदूत दोन्ही बाजूंना एक-एक काळसर पट्टा असतो. त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात. तिथल्या पेशी डोपामिन तयार करतात आणि आपल्या लांब तंतूंमधून ते स्ट्रायटम नावाच्या भागात पोहोचवतात. अशा पेशी निरोगी माणसातही केवळ काही लाख असतात, आणि शरीराच्या प्रत्येक सहज हालचालीचा, म्हणजे उठणे, वळणे, सदऱ्याचे बटण लावणे, सही करणे या सगळ्याचा ओघ त्यांच्यावर अवलंबून असतो. पार्किन्सनमध्ये या पेशी हळूहळू मरत जातात. हात थरथरू लागतो किंवा एक पाय घासत चालू लागतो, तोवर ढोबळमानाने निम्म्या पेशी गेलेल्या असतात आणि स्ट्रायटममधले डोपामिन त्याहूनही अधिक घटलेले असते. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांचे निदान त्यांच्या जुन्या चेकबुकांवरून आधी घरच्यांच्याच लक्षात आले होते, कारण सहा वर्षांपूर्वीची ऐसपैस सही दरवर्षी थोडी थोडी लहान होत गेली होती आणि शेवटच्या चेकवर तर ती मुंगीएवढी झाली होती.

डोपामिनच्या या भूमिकेचा शोध कसा लागला, यात आपल्याकडच्या एका वनस्पतीचा मोठा वाटा आहे, म्हणून ते थोडक्यात सांगते. सर्पगंधेचा उच्च रक्तदाबावर होणारा परिणाम मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझर्पिन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले. रेझर्पिन मेंदूतील डोपामिनचे साठे रिकामे करते. स्वीडनमधील आर्विड कार्लसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ साली सशांना रेझर्पिन दिले, तेव्हा ते ससे कान पाडून निपचित पडले, आणि मग त्यांना लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत ज्याचे डोपामिन होते ते द्रव्य, टोचताच थोड्याच वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले. त्यानंतर १९६० साली व्हिएन्नामध्ये ओलेह हॉर्निकीविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पार्किन्सनने मृत्यू पावलेल्या रुग्णांच्या स्ट्रायटममध्ये डोपामिन अत्यंत कमी असल्याचे दाखवले, १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोत्झियास यांनी तोंडाने घेण्याच्या डोपाची (लेव्होडोपा हा त्याचाच प्रभावी भाग) मात्रा हळूहळू वाढवत नेऊन रुग्ण चालते केले, आणि कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. अण्णांची आजची गोळी ही याच वाटेने आलेली आहे.

आता त्या गोळीत लेव्होडोपाच का असतो, थेट डोपामिन का नसते, हेही सांगते, कारण दुपारच्या अडचणीचा धागा इथेच आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये जी संरक्षक भिंत असते ती डोपामिनला ओलांडता येत नाही. लेव्होडोपा मात्र एक अमिनो आम्ल आहे, आणि अन्नातील प्रथिनांपासून येणारी काही अमिनो आम्ले ज्या वाहकातून आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत शिरतात, त्याच वाहकातून तोही शिरतो. सोबतचा कार्बिडोपा, लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन होऊ देत नाही, त्यामुळे मळमळ कमी होते आणि कमी मात्रेत काम भागते. कार्बिडोपा असूनही लेव्होडोपाचे रक्तातील प्रमाण साधारण दीड तासात निम्म्यावर येते. आजाराच्या सुरुवातीला हे जाणवत नाही, कारण उरलेल्या पेशी डोपामिन साठवून ठेवून गरजेप्रमाणे सोडत असतात. पाच-सात वर्षांनी साठवणाऱ्या पेशीच कमी उरतात आणि मग रुग्णाचे शरीर घड्याळाच्या काट्याबरोबर चढू-उतरू लागते.

स्ट्रायटममध्ये पोहोचल्यावर डोपामिन काय करते? तिथून हालचालींचे नियंत्रण करणारे दोन मार्ग निघतात. एक मार्ग हवी ती हालचाल मोकळी करतो आणि दुसरा मार्ग नको त्या हालचाली दाबून धरतो. पहिल्या मार्गाच्या पेशींवर डी१ नावाचे ग्राही म्हणजे रिसेप्टर, रसायनाला पकडणाऱ्या जागा, असतात आणि डोपामिन त्यांना चेतवते. दुसऱ्या मार्गाच्या पेशींवर डी२ ग्राही असतात आणि तिथे डोपामिन त्या पेशींना शांत करते. म्हणजे डोपामिन एकाच वेळी हालचालीला हात देते आणि तिला दाबणारा हात सैल करते. डोपामिन घटले, की पहिला मार्ग मंदावतो आणि दुसरा मोकाट सुटतो. अण्णांना उठायचे असते, तशी आज्ञाही मेंदूच्या वरच्या भागातून निघते, परंतु हा दुसरा मार्ग तिला जागच्या जागी थोपवून धरतो.

अ‍ॅडेनोसिन येते ते या दुसऱ्या मार्गावर. पेशी काम करण्यासाठी एटीपी नावाचे इंधन वापरतात, ते वापरले जात असताना अ‍ॅडेनोसिन उरते, आणि जागेपणी ते मेंदूत साचत जाते. दिवस संपता संपता येणारी झोप बऱ्याच अंशी यामुळेच असते. अ‍ॅडेनोसिनचे चार प्रकारचे ग्राही आपल्या शरीरात असून त्यातला ए२ए हा प्रकार मेंदूत सर्वांत दाट कुठे सापडतो, तर स्ट्रायटममध्ये, आणि तिथेही डी२ ग्राही असलेल्या नेमक्या त्याच पेशींवर. डी२ हा ग्राही पेशीच्या आतील सायक्लिक एएमपी नावाचा संदेश कमी करतो, तर ए२ए तोच संदेश वाढवतो. हे दोन ग्राही पेशीच्या आवरणात एकमेकांना बिलगून जोडीने राहतात आणि ए२ए चेतवला गेला, की शेजारच्या डी२ची डोपामिनवरची पकडही ढिली होते, असे स्वीडन आणि स्पेनमधील संशोधकांच्या कामातून पुढे आले आहे.

रस्सीखेच डोळ्यांपुढे आणा. एका टोकाला डोपामिन आहे आणि दुसऱ्या टोकाला अ‍ॅडेनोसिन. दोघांचेही बळ सारखे असते तेव्हा दोरी मध्यावर राहते. पार्किन्सनमध्ये डोपामिनच्या बाजूची माणसे एक एक करून दोर सोडून निघून जातात. अ‍ॅडेनोसिनच्या बाजूने नवे कोणी आलेले नसते, पण समोर कोणी उरले नाही म्हणून त्यांची नेहमीची ओढसुद्धा दोर पूर्णपणे आपल्याकडे नेते. यावरून संशोधकांच्या मनात साहजिकच हा विचार आला, की डोपामिनच्या बाजूने माणसे वाढवण्याबरोबरच समोरची थोडी माणसे बाजूला केली तर दोर पुन्हा मध्याकडे येईल का. अ‍ॅडेनोसिनविषयीचे पार्किन्सनमधील जवळजवळ सगळे उपचार-संशोधन या एका प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

ती माणसे बाजूला करणारा सर्वांत जुना आणि सर्वांच्या ओळखीचा पदार्थ म्हणजे कॅफिन. कॅफिन अ‍ॅडेनोसिनच्या ए१ आणि ए२ए या ग्राहींवर जागा अडवून बसते. चहा-कॉफीने तरतरी येते ती यामुळे. तुमच्या दिरांनी जे वाचले ते निराधार नाही. होनोलुलूमध्ये जपानी वंशाच्या ८,००४ पुरुषांचा तीस वर्षांपर्यंत मागोवा घेण्यात आला, त्यातल्या १०२ जणांना पार्किन्सन झाला, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात कॉफी अजिबात न पिणाऱ्यांमध्ये आजाराचे प्रमाण सर्वाधिक कॉफी पिणाऱ्यांच्या सुमारे पाचपट आढळले. सिंगापूरमधील सुमारे ६३ हजार चिनी वंशाच्या लोकांच्या अभ्यासात काळा चहा पिणाऱ्यांमध्येही आजार कमी दिसला, हिरव्या चहात मात्र तसे दिसले नाही. २००१ साली अमेरिकेत उंदरांवर केलेल्या प्रयोगात कॅफिनमुळे आणि ए२ए ग्राही निकामी केल्यामुळे डोपामिनच्या हानीत घट झाली. ही सगळी माहिती एकाच दिशेला बोट दाखवते, आणि मलाही ती वाचताना आशा वाटली होती हे मी लपवत नाही.

परंतु यातून काय सिद्ध होते आणि काय होत नाही, हे फार काळजीपूर्वक वेगळे केले पाहिजे. जो माणूस अजून निरोगी आहे त्याने वर्षानुवर्षे कॉफी पिणे आणि ज्याच्या निम्म्याहून अधिक पेशी गेलेल्या आहेत त्याला आज कॉफी पाजणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. दुसरे असे, की या अभ्यासांत कार्यकारणभाव उलटा असण्याची शक्यताही राहते. पार्किन्सनमध्ये कंप दिसण्याच्या कित्येक वर्षे आधी वास येणे कमी होते, बद्धकोष्ठता सुरू होते, आणि डोपामिन घटल्यामुळे एखाद्या गोष्टीची तलफ लागणेही मंदावते. ज्याला कॉफीचा वासच येत नाही आणि तलफही लागत नाही, तो माणूस कॉफी कमी पितो, आणि मग पुढे आजार झाल्यावर आपण म्हणतो की कॉफी कमी प्यायला म्हणून आजार झाला. होनोलुलूतील मागोवा दीर्घ असल्यामुळे ही शंका थोडी कमी होते, पूर्ण जात नाही. स्त्रियांमध्ये तर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे. रजोनिवृत्तीनंतर संप्रेरकांच्या गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांमध्ये कॅफिनचा असा फायदा दिसून आला नाही.

म्हणून खरा निवाडा करतात त्या चाचण्या ज्यांत निम्म्या रुग्णांना कॅफिन आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी दिली जाते, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही माहीत नसते आणि तपासणाऱ्यालाही नसते. कॅनडातील रोनाल्ड पोस्टुमा यांच्या गटाने २०१२ साली ६१ रुग्णांवर सहा आठवड्यांची अशी चाचणी केली तेव्हा हालचालींत थोडी सुधारणा दिसली आणि जगभर बातम्या झाल्या. त्याच गटाने मग अधिक रुग्ण आणि अधिक काळ घेऊन चाचणी पुन्हा केली, १२१ रुग्णांना दिवसातून दोनदा २०० मिलिग्रॅम कॅफिन किंवा निष्क्रिय गोळी दिली, आणि २०१७ साली जाहीर केले की हालचालींच्या लक्षणांत कॅफिनचा फायदा नाही. आधीची स्वतःचीच आशादायक बातमी अशा प्रामाणिकपणे मागे घेणारे संशोधक मला फार आदरणीय वाटतात. दुर्दैवाने २०१२ची बातमी अजून फिरत असते आणि २०१७ची फारशी कोणी पुढे पाठवत नाही.

अण्णांच्या सहा कपांचा हिशोब याच संदर्भात करून पाहू. आपल्या घरचा दूध घातलेला चहा साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम कॅफिन देतो, कॉफी पूड किती घातली यावर अवलंबून तेवढे किंवा त्याहून जास्त देते. सहा कप कॉफी म्हणजे चाचणीतल्या ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास. म्हणजे अण्णा महिनाभर जवळजवळ तीच मात्रा घेत आहेत जिचा चाचणीत फायदा दिसला नाही. कॅफिनला रक्तात निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात, त्यामुळे संध्याकाळची कॉफी रात्री त्यांची झोप मोडणार. झोप मोडली की दुसऱ्या दिवशी हालचाली आणखी जड होतात, छातीत धडधड होते, लघवीला वारंवार उठावे लागते, आणि रात्रीच्या अंधारात उठताना तोल जाण्याचे भय वेगळेच. माझे मत स्पष्ट आहे. अण्णांना आवडत असेल तर सकाळी आणि दुपारी तीनच्या आत एक-दोन कप त्यांनी आनंदाने घ्यावेत, कॉफी असो वा चहा, पण उपचार म्हणून सहा कप पाजणे आजपासून कमी करत थांबवावे. एकदम बंद न करता रोज एक-एक कप असे चार-पाच दिवसांत कमी करावेत, नाहीतर डोके दुखते.

आता जपानी गोळीविषयी. तिचे नाव इस्ट्राडेफिलिन. कॅफिन अ‍ॅडेनोसिनचे अनेक ग्राही अडवते, ही गोळी मात्र मुख्यतः ए२ए अडवते, म्हणजे रस्सीखेचीतल्या नेमक्या त्याच माणसांना बाजूला करते. जपानमध्ये तिला २०१३ साली मान्यता मिळाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली ती मान्य करण्यास नकार दिला होता, नंतर प्रत्येकी बारा आठवड्यांच्या चार चाचण्यांमधील एकूण १,१४३ रुग्णांची माहिती पाहून २०१९ साली मान्यता दिली. युरोपच्या औषध संस्थेने मात्र २०२१ साली परवानगी देऊ नये अशीच शिफारस केली, कारण सर्व चाचण्यांचे निकाल एकसारखे नव्हते. अमेरिकेतील मान्यताही केवळ एका गोष्टीपुरती आहे. जे रुग्ण लेव्होडोपा-कार्बिडोपा घेत आहेत आणि तरीही ज्यांचा गोळीचा असर मध्येच उतरतो, त्यांना जोडऔषध म्हणून दिवसातून एकदा २० किंवा ४० मिलिग्रॅम. निष्क्रिय गोळीच्या तुलनेत असर उतरलेल्या अवस्थेत जाणारा वेळ बहुतेक चाचण्यांत तासाभराहून कमीच घटला. ज्या रुग्णाचे दिवसाचे पाच-सहा तास खुर्चीत जातात त्याला मिळालेला पाऊण तासही मोलाचा असतो, त्यामुळे मी या औषधाला कमी लेखत नाही. परंतु ती गोळी पेशी मरण्याचे थांबवते असा पुरावा नाही, आणि एकटी घेऊन ती लेव्होडोपाची जागा घेऊ शकत नाही. डोपामिनच्या बाजूने ओढणारे कोणीच नसेल तर समोरची माणसे बाजूला करून दोर आपोआप मध्यावर येणार नाही.

तिचे दुष्परिणामही त्या कार्यपद्धतीला धरूनच आहेत. हालचाल दाबणारा हात सैल केला, की काही रुग्णांत अंग आपोआप वळवळणे, मान-खांदे हलत राहणे वाढते. चक्कर, बद्धकोष्ठता, मळमळ, झोप न लागणे आणि भास होणे हेही आढळते. याच वर्गातील इतर औषधांची कथा सांगितल्यावाचून पुढे जाणे मला योग्य वाटत नाही. प्रीलाडेनंट हे औषध मोठ्या चाचण्यांत निष्क्रिय गोळीहून सरस ठरले नाही आणि २०१३ साली सोडून द्यावे लागले. टोझाडेनंटच्या चाचणीत काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटल्या, मृत्यू झाले, आणि २०१७ साली ते काम थांबवण्यात आले. कागदावर सुंदर दिसणारी कल्पना माणसाच्या शरीरात किती जपून उतरवावी लागते हे यावरून दिसेल. अण्णांसाठी ही गोळी कोणीतरी परदेशातून आणून घरच्या घरी सुरू करणे मला अजिबात मान्य नाही. त्यांच्या डॉक्टरांनी ठरवले तर गोष्ट वेगळी, आणि तेही पुढे लिहिलेली दोन कामे झाल्यानंतरच.

पहिले काम तुमच्या यादीतल्या चौथ्या औषधाचे. सकाळी उपाशीपोटी घ्यायची आम्लपित्ताची जी कॅप्सूल अण्णांना दोन वर्षांपासून चालू आहे, तिच्यात आम्ल कमी करणाऱ्या औषधाबरोबर लेव्होसल्पिराइड आहे. पोट लवकर रिकामे व्हावे, जडपणा जावा म्हणून ते घातलेले असते. परंतु लेव्होसल्पिराइड डी२ ग्राही अडवते, आणि केवळ पोटात नव्हे तर मेंदूतही अडवते. म्हणजे अण्णा सकाळी आठ वाजता डोपामिनच्या बाजूने माणसे वाढवणारी गोळी घेतात आणि त्याआधी अर्धा तास त्या माणसांचे हात बांधणारी कॅप्सूल घेतलेली असते. ए२ए अडवून डी२ला मदत करण्यासाठी जपानहून गोळी आणायची आणि घरात रोज डी२लाच कुलूप घालायचे, असे आत्ता चालले आहे. ज्यांना पार्किन्सन मुळीच नाही अशा माणसांनाही या औषधाने कंप आणि मंदपणा येतो. दरवर्षी असे कितीतरी रुग्ण मी पाहते, आणि औषध बंद केल्यावर त्यातले बहुतेक काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारतात. उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रमाइड आणि चक्करेसाठी महिनोन् महिने चालू राहणारी सिनारिझिन व फ्लुनारिझिन ही औषधेही याच जातीची आहेत. अण्णांना लेव्होडोपाने स्पष्ट फायदा होतो, त्यांची एक बाजू आधीपासून जास्त जड आहे, म्हणून त्यांचा आजार खराच पार्किन्सन असावा असे मला वाटते, पण ही कॅप्सूल त्यात भर घालत असणार. ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांना अण्णांचा आजार सांगून केवळ आम्ल कमी करणारे औषध द्यायला सांगा. पोटाची तक्रार राहिलीच तर डॉम्पेरिडोन हे औषध मेंदूत फारसे शिरत नाही, मात्र त्याआधी हृदयाचा आलेख काढून घ्यावा लागतो. पार्किन्सनच्या गोळ्या मात्र स्वतःहून कमी किंवा बंद करू नका. लेव्होडोपा अचानक थांबल्यास ताप, अंग लाकडासारखे कडक होणे आणि शुद्ध हरपणे इतपत गंभीर अवस्था येऊ शकते.

दुसरे काम दुपारच्या जेवणाचे. तुम्ही लिहिले आहे की घरात साडेबाराला पाने मांडली जातात आणि एक वाजता जेवण झाल्यावर अण्णा गोळी घेतात. जेवणात वरण, दही किंवा ताक, आठवड्यातून दोनदा पनीर. मघाशी मी लिहिले की लेव्होडोपा ज्या वाहकातून आत शिरतो त्यातूनच प्रथिनांची अमिनो आम्लेही शिरतात. भरल्या पोटी घेतलेली गोळी आधी जठरातच रेंगाळते, कारण या आजारात जठर हळू रिकामे होते, आणि आतड्यात पोहोचली की दारात वरणाची आणि दह्याची गर्दी असते. त्यामुळे तीन-साडेतीनला गोळी उतरते असे जे तुम्हाला वाटते, तिथे मला वेगळीच शंका आहे. एकची गोळी बहुधा उतरत नाही, ती मुळात चढतच नाही. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण उतरणाऱ्या गोळीला जोडऔषध लागते आणि न चढणाऱ्या गोळीला फक्त योग्य वेळ लागते. दुपारची गोळी बारा वाजता साध्या पाण्याबरोबर द्या आणि पान साडेबाराला मांडा. पनीर, डाळीचे जाडसर पदार्थ, दूध हे रात्रीच्या जेवणाकडे सरकवा, दुपारी भाकरी-भाजी-भात आणि थोडे पातळ वरण असू द्या. प्रथिने बंद करायची नाहीत, या वयात ती हवीतच. रक्तवाढीसाठी लोहाची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि लेव्होडोपात दोन तासांचे अंतर ठेवा, कारण लोह लेव्होडोपाला धरून ठेवते. खाजकुइलीच्या, म्हणजे कवचबीजाच्या चूर्णात नैसर्गिक लेव्होडोपा असतो हे खरे आहे, तो १९३७ साली भारतातच त्या बियांतून वेगळा काढला गेला होता, पण प्रत्येक पुडीत तो किती आहे हे कळत नसल्यामुळे गोळ्यांच्या जोडीला ते चूर्ण देऊ नका.

चार वाजता अण्णांना उठवायचेच असेल, तर खेचून उठवू नका. आमच्याकडे मांडवीजवळच्या एका जुन्या वाड्यातले आजोबा येत असत. खोलीतून ओसरीवर येताना उंबऱ्याशी त्यांचे पाय जमिनीला खिळल्यासारखे होत. त्यांच्या सुनेने उंबऱ्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकेक वितीवर रांगोळीच्या पाच-पाच आडव्या रेघा ओढल्या आणि आजोबा प्रत्येक रेघ ओलांडत सरळ बाहेर आले. मी ते स्वतः त्यांच्या घरी जाऊन पाहिले आहे. आपोआप होणारी हालचाल स्ट्रायटमच्या हाती असते, पण डोळ्यांना दिसणाऱ्या खुणेवर जाणूनबुजून टाकलेले पाऊल मेंदूच्या वेगळ्या वाटेने जाते, आणि ती वाट अजून शाबूत असते. तुमच्याकडे फरशी असेल तर रंगीत चिकटपट्टी लावा.

आता दहा दिवस एक वही ठेवा. सकाळी सहापासून रात्री दहापर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यात अण्णा मोकळे आहेत, जड आहेत, अंग वळवळते आहे की झोपले आहेत, एवढेच एका अक्षराने लिहा. गोळीची आणि जेवणाची नेमकी वेळ त्याच ओळीत लाल पेनाने नोंदवा. पहिले पाच दिवस जसे चालू आहे तसेच चालू द्या, सहाव्या दिवसापासून दुपारची गोळी बाराला आणा. लेव्होसल्पिराइड बंद झाल्याचा परिणाम इतक्या लवकर दिसणार नाही, त्यासाठी दीड-दोन महिने थांबावे लागेल. ही वही घेऊन अण्णांच्या डॉक्टरांकडे जा. सहाव्या दिवसापासून तीन ते पाचच्या रकान्यांत जर मोकळेपणाचे अक्षर दिसू लागले, तर सध्या नवी गोळी लागणार नाही. आणि बाराची गोळी नीट चढूनही तीनला उतरत असेल, तर दोन गोळ्यांमधले अंतर कमी करणे, लेव्होडोपाचे विघटन लांबवणारे औषध जोडणे, आणि त्यानंतर इस्ट्राडेफिलिन, हे त्यांनी कोणत्या क्रमाने करावे याचा निर्णय त्या रकान्यांवरून सहज घेता येईल.